घरांतल्या जाळ्यांतील रांगेचा न्याय

गेल्या श्रावणांतली गोष्ट आहे. आमचें घर अकरा माणसांचें. तळमजल्यावर आई आणि थोरले दादा-वहिनी, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि गच्चीलगतच्या खोलींत कॉलेजांत शिकणारे दोघे पुतणे. आईच्या हृदयाचे ठोके अनियमित झाल्यापासून तिला रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालूं आहे. या औषधाची मात्रा रक्ताच्या तपासणीवरून कमी-अधिक करावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होण्याची भीति, अधिक झाली तर रक्तस्रावाची. तिचे डॉक्टर दुसऱ्या गांवीं असल्यामुळें त्यांच्याशीं बोलणें व्हावयाचें तें व्हिडिओवर.

त्या दिवशीं तपासणीचा आंकडा पाहून डॉक्टर नवी मात्रा सांगूं लागले, आणि नेमकें तेव्हांच पडद्यावरचें चित्र थिजलें. आवाज तुटक तुटक येऊं लागला. वहिनींनीं 'दीड गोळी' असें ऐकलें. मीं 'अर्धी' असें ऐकलें. दोहोंत तिपटीचें अंतर! साध्या फोनवर डॉक्टरांना गांठून पुनः विचारलें, तेव्हां 'अर्धी' हेंच खरें ठरलें. वहिनी त्यावर कांहीं बोलल्या नाहींत; पण गोळ्यांची डबी हातांत धरून त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

मग चौकशी सुरू झाली. धाकटा पुतण्या आदल्या रात्रीं सहलीहून परत आला होता. त्यानें फोन चार्जिंगला लावला, आणि घरचें वायफाय मिळतांच त्या फोननें सहलींतली सारी चित्रफीत आपण होऊन दूरच्या साठवणींत पाठविण्यास आरंभ केला. "काका, मी तर फोनला हातहि लावला नव्हता," असें तो कळवळून म्हणाला, आणि तें अक्षरशः खरें होतें. कोणाचाच अपराध नव्हता. तरी आईच्या औषधाची मात्रा चुकण्याची वेळ आली होती.

दादांनीं दुसऱ्याच दिवशीं कंपनीला सांगून बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदास 5 मेगाबिटांचा 10 मेगाबिट करून घेतला. दरमहा पैसे अधिक जाऊं लागले. पण पुढच्या वेळीं बोलणें पुनः तुटलें! मग मात्र या प्रकरणाच्या मुळाशीं जावयाचें मीं व थोरल्या पुतण्यानें ठरविलें. त्या उद्योगांत जें कळलें तें आज पुष्कळ घरांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

इंटरनेटवरून जें कांहीं जातें तें लहान लहान तुकडे होऊन जातें. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. फोनवरील आवाजाचेंच उदाहरण घ्या. जुन्या, प्रचलित पद्धतीनें आवाजाचे तुकडे केले तर दर 20 मिलिसेकंदांस एक, म्हणजे सेकंदास 50 पॅकेटें निघतात. पॅकेटांत आवाजाचे 160 बाइट आणि पत्त्याचे 40, मिळून 200 बाइट असतात. हिशेब केला तर सेकंदास 80 किलोबिट होतात. आमच्या 10 मेगाबिटांच्या मार्गांत हा शंभरांतला एक वाटाहि नव्हे. मग आवाजास जागा कां मिळूं नये? उत्तर असें कीं, जागा होती. वेळेवर पाळी येत नव्हती.

राउटरांत व कंपनीच्या यंत्रांत पॅकेटें थांबविण्यासाठीं एक साठा असतो. मोठी फाइल पाठविणारा कार्यक्रम वाट जितकी रुंद मिळेल तितकी व्यापतो आणि त्यावर हा साठाहि भरून टाकतो. समजा, साठा दहा लक्ष बाइटांचा आहे. 10 मेगाबिटांच्या वेगानें तो रिकामा होण्यास 0.8 सेकंद, म्हणजे 800 मिलिसेकंद लागतात. आवाजाचें चिमुकलें पॅकेट या रांगेच्या शेवटीं उभें राहिलें म्हणजे त्यास तितका वेळ तिष्ठत राहणें प्राप्तच आहे. आतां आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी कीं, संभाषण सुरळीत व्हावयाचें तर एका बाजूनें लागणारा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आंत असावा. फाइलीस उशीर झाला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आवाजाचें पॅकेट उशिरां आलें तर तें न आल्यासारखेंच. वेग दुप्पट केला तरी फाइल तो वेगहि गिळते आणि साठा पुनः भरतेच. दादांचे पैसे कां वाया गेले याचा उलगडा असा झाला.

हा दोष नवा नाहीं. 1986 च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील जाळें असेंच तुंबलें. दोन्ही ठिकाणांमधील अंतर अवघें 400 यार्ड. पण सेकंदास 32,000 बिटांचा वेग घसरून 40 बिटांवर आला. माणसानें चिठ्ठी घेऊन चालत जावें तें याहून बरें, अशी अवस्था! व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञानें या कोंडीचा अभ्यास करून 1988 सालीं निबंध प्रसिद्ध केला. पाठविणाऱ्यानें वाटेवरची गर्दी ओळखून आपण होऊन पाऊल आंवरावें, हें त्यांतलें मुख्य सूत्र. आजहि इंटरनेट उभें आहे तें पुष्कळ अंशीं याच संयमावर. परंतु पॅकेट हरवलें म्हणजे गर्दी झाली, अशी पाठविणाऱ्याची समजूत असते. आणि साठे अवाढव्य झाले म्हणजे पॅकेट हरवतच नाहीं, नुसतें रखडतें. मग पाऊल आंवरावें कोणी व केव्हां?

यावर उपाय म्हणून जी व्यवस्था आहे तिला क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवेची प्रत राखण्याचें धोरण, असें म्हणतात. वाट तीच ठेवून रांगेचा न्याय ठरवावयाचा, हें तिचें सार. ज्यास उशीर सोसत नाहीं त्यास आधीं सोडावें; ज्यास सोसतो त्यानें थोडें थांबावें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें तत्त्व शिकविण्याची गरज नाहीं. पंगत कितीहि मोठी असली तरी शाळेला जाणाऱ्या मुलाचें व औषध घेणाऱ्या आजीचें पान आधीं वाढलें जातें, आणि त्यांत कोणास अपमान वाटत नाहीं.

थोरल्या पुतण्यानें राउटरांत तसा नियम लिहिला. पहिली खुबी अशी कीं, बाहेर पाठविण्याचा वेग 10 मेगाबिट असतां त्यानें राउटरास 9 चीच मर्यादा घातली. मला हें उफराटें वाटलें. "काका," तो म्हणाला, "आपण 10 चे 10 सोडले तर रांग कंपनीच्या यंत्रांत लागते, आणि तेथें आपला नियम कोण ऐकणार? आपण 9 सोडले तर रांग आपल्याच राउटरांत लागेल. रांग आपल्या ताब्यांत असेल तरच आधीं कोण हें आपण ठरवूं शकूं." दहांतला एक वाटा देऊन व्यवस्था विकत घ्यावी, असा हा व्यवहार. येणाऱ्या पॅकेटांच्या बाबतींत मात्र आपला ताबा अप्रत्यक्षच असतो. तीं दारीं येऊन पोंचल्यावर थोडीं रोखून धरावीं, म्हणजे दूरचा पाठविणारा आपला वेग उतरवतो.

नियम लागू झाला. धाकट्यानें मुद्दाम चित्रफिती पाठविण्यास लावल्या आणि आईनें मुंबईच्या मावशीशीं अर्धा तास गप्पा मारल्या. एक शब्द तुटला नाहीं. आम्ही समाधान पावलों. पण तें समाधान आठच दिवस टिकलें. पुढच्या रविवारीं मावशीशींच बोलतांना आईचा आवाज पुनः तुटूं लागला, आणि या वेळीं बाहेर कांहींच जात नव्हतें!

शोधतां शोधतां कळलें तें असें. दादा त्या वेळीं वरच्या खोलींत बसून वडिलांच्या जुन्या कागदपत्रांचीं व लग्नमुंजींचीं छायाचित्रें आपल्या लॅपटॉपवरून तळमजल्यावरच्या साठवणपेटींत उतरवीत होते. काम सारें घरांतल्या घरांत. राउटरांतला नियम जागच्या जागीं होता. पण दादांचीं पॅकेटें त्या नियमाच्या समोरून कधीं गेलींच नव्हतीं. येथें ब्रिज व राउटर यांतील भेद समजून घेणें अवश्य आहे.

आमच्या जुन्या वाड्यास एक देवडी होती. रस्त्यावर जाणारा-येणारा प्रत्येकजण देवडींतून जावयाचा, आणि तेथें बसलेला माणूस त्याला 'कोण, कोठले' म्हणून विचारावयाचा. परंतु माजघरांतून स्वयंपाकघरांत जाणाऱ्या बाईला देवडीशीं काय कर्तव्य? ती मधल्या चौकांतून सरळ जाई. देवडीचा नियम कितीहि कडक केला तरी चौकांतली गर्दी त्यानें कमी होणार नाहीं.

घरच्या जाळ्यांत चौकाचें काम ब्रिज करतो. वायफाय आणि तारेचीं छिद्रें हीं त्यानें एकत्र जोडून त्यांचें एकच आंगण केलेलें असतें. प्रत्येक यंत्रास कारखान्यांतून मिळालेला 48 बिटांचा एक पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या बाजूस आहे हें ब्रिज पाहून पाहून शिकतो, आणि आलेलें पाकीट न उघडतां तसेंच्या तसें त्या बाजूस ढकलतो. राउटरचें काम निराळें. तो बाहेरचें पाकीट काढून टाकतो, आंतला इंटरनेटचा पत्ता वाचतो, पुढची दिशा ठरवितो व नवें पाकीट चढवून पॅकेट रवाना करतो. घरच्या एकाच पेटींत हे दोघेहि नांदत असल्यामुळें आपणांस ते एकच वाटतात. पण घरांतल्या घरांत जाणारें पॅकेट ब्रिजवरूनच परस्पर जातें. पुष्कळ पेट्यांत तर तारेवरच्या पॅकेटांचें हें काम स्विचची निराळी चिप करते आणि मुख्य प्रोसेसरला त्याची वार्ताहि नसते. मग राउटरवर लिहिलेला नियम त्यास लागणार कसा? आईचा आवाज आणि दादांचीं छायाचित्रें यांची झटापट देवडीवर नव्हतीच. ती वायफायच्या हवेंत, म्हणजे चौकांत चालली होती.

थोरल्यानें यावर एक उपाय केला, आणि तो उपायच अपाय ठरला. ब्रिजवरून जाणारीं पॅकेटेंहि राउटरच्या नियमाखालीं आणण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती त्यानें चालूं केली. आईचा आवाज सुधारला. पण संध्याकाळीं दादा संतापून खालीं आले. "काल दहा मिनिटांत उतरलें तें आज रात्रभर उतरणार म्हणतें. हें काय केलेंत तुम्ही?" झालें होतें असें कीं, रस्त्यासाठीं घातलेली 9 मेगाबिटांची मर्यादा आतां घरांतल्या कामासहि लागूं झाली होती. 20 गिगाबाइटांचा संग्रह घरच्या 300 मेगाबिटांच्या वेगानें सुमारें नऊ मिनिटांत उतरतो. त्यालाच 9 मेगाबिटांची मर्यादा घातली तर पांच तास लागतात. रस्ता अरुंद म्हणून माजघरांतहि एकेकानेंच चालावें, असा हा कारभार!

शेवटीं जी व्यवस्था बसली ती दोन भागांत आहे. जें पॅकेट राउटरमधून ओलांडून बाहेर जाईल त्यालाच वेगाची मर्यादा व रांगेचा नियम. जें ब्रिजवरूनच घरांत फिरेल त्याला मर्यादा मुळींच नाहीं. फक्त वायफायच्या दारीं आधीं कोण, एवढाच क्रम. वायफायमध्यें यासाठीं चार पायऱ्या ठरविलेल्या आहेत : आवाज, चित्र, साधारण काम आणि मागें राहिलें तरी चालेल असें काम. आवाजाच्या पायरीवरील पॅकेटास हवेंत शिरण्यासाठीं सर्वांत कमी थांबावें लागतें.

आतां प्रश्न राहिला ओळखीचा. हें पॅकेट आवाजाचें, हें छायाचित्राचें, हें यंत्रानें जाणावें कसें? त्यासाठीं पॅकेटावर खूण करतात. पण ब्रिज व राउटर यांच्या जगांत ही खूण निरनिराळ्या ठिकाणीं असते, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. ब्रिजच्या जगांतली खूण बाहेरच्या पाकिटावर असते. ती तीन बिटांची, म्हणून तिच्या पायऱ्या आठ. इंटरनेटच्या जगांतली खूण आंतल्या पत्त्याशेजारीं असते. तिचें नांव डीएससीपी. ती सहा बिटांची, म्हणून तिचे प्रकार 64 होऊं शकतात, आणि तिची सध्यांची पद्धत 1998 सालीं ठरली. राउटर बाहेरचें पाकीट फाडून टाकतो हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे पाकिटावरची खूण त्याबरोबर नाहींशी होते. आंतली मात्र टिकते. यास्तव एका जगांतून दुसऱ्या जगांत जातांना एका खुणेचें भाषांतर दुसरींत करून द्यावें लागतें, आणि तें आपण सांगितल्यावांचून होईलच असा भरंवसा नसतो.

भाषांतरांत अर्थ कसा बदलतो याचा एक मासला पाहा. आवाजासाठीं डीएससीपीची नेहमींची खूण 46 ही आहे. दोनच अंकांच्या गणनपद्धतींत ती 101110 अशी लिहितात. पुष्कळ वायफाय यंत्रें यांतले पहिले तीन अंक तेवढे उचलतात : 101, म्हणजे पांच. पण वायफायच्या हिशेबीं चार व पांच या पायऱ्या चित्राच्या. आवाजाच्या पायऱ्या सहा व सात! म्हणजे आवाज म्हणून निघालेलें पॅकेट वायफायवर चित्राच्या रांगेंत जाऊन बसतें. ही विसंगति दूर करण्यासाठीं 46 चें भाषांतर सहा असें करावें, अशी शिफारस इंटरनेटच्या मानकें ठरविणाऱ्या मंडळानें 2018 सालीं प्रसिद्ध केली. आमच्या यंत्रांत ही दुरुस्ती थोरल्यानें हातानें केली.

आणखी एक सावधगिरी. खूण पॅकेट पाठविणारा स्वतःच करीत असल्यामुळें कोणताहि कार्यक्रम स्वतःस श्रेष्ठ म्हणवूं शकतो. म्हणून खूण सरसकट खरी न मानतां कोणत्या यंत्राची व कोणत्या कामाची खूण मानावयाची, हें राउटरनें आधीं ठरवावें. घराबाहेर पडल्यावर तर आपल्या खुणेस बहुधा कोणी विचारीत नाहीं. हीहि 9 मेगाबिटांच्या मर्यादेमागची गोष्ट आहेच. आपला न्याय आपल्या उंबऱ्यापर्यंत.

सर्वांत अवघड भाग यंत्राचा नव्हता. कोणाचें काम आधीं, हें ठरविण्यासाठीं आम्ही सारे एका रात्रीं जेवणानंतर बसलों. प्रथम प्रत्येकास आपलेंच काम निकडीचें वाटलें. वहिनींची शिकवणी, माझें ऑफिसचें काम, आईचें कीर्तन, मुलांचा अभ्यास. धाकट्यानें तर आपल्या खेळाचीहि बाजू मांडली. "खेळाचीं पॅकेटें लहान असतात, काका. मला जागा फार नको. फक्त खोळंबा नको." सारे हंसले, पण मुद्दा बरोबर होता. पहिल्या रांगेंत सर्वांनाच बसविलें तर पहिली रांग उरतच नाहीं, हें हळूं हळूं सर्वांच्या ध्यानांत आलें.

ठरलें तें असें. संभाषण, मग तें डॉक्टरांशीं असो वा शिकवणीचें, पहिलें. पण त्यासहि एकंदर वाटेच्या तिसऱ्या हिश्श्याची कमाल मर्यादा, नाहींतर बाकीचीं उपाशीं राहतील. मग सारीं साधारण कामें, एकमेकांस समान. साठवणीचीं कामें शेवटीं, आणि शक्य तों रात्रीं. साधारण कामांत समानता राखण्यासाठीं थोरल्यानें जी पद्धत लावली ती प्रत्येक प्रवाहास निराळी रांग देऊन आळीपाळीनें सोडते आणि रांगेंतला खोळंबा पांच मिलिसेकंदांपेक्षां अधिक वेळ टिकून राहिला तर पॅकेटें टाकून पाठविणाऱ्यास सावध करते. तिच्यामुळें धाकट्याच्या खेळाचीं चिमुकलीं पॅकेटेंहि कोणाच्या मेहेरबानीवांचून वेळेवर निघूं लागलीं. या पद्धतींतली रांग आंखूड ठेवण्याची युक्ति कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं 2012 सालीं मांडली. 1986 ची कोंडी सोडविणारे तेच हे जेकबसन. एकाच रोगाचा पाठलाग एका माणसानें पाव शतक करावा, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

आई हें सारें ऐकत बसली होती. शेवटीं म्हणाली, "माझ्या एकटीसाठीं पोरांचें काम अडवूं नका." थोरला तिला म्हणाला, "आजी, कोणाचेंच अडत नाहीं. तुझ्या बोलण्याला शंभरांतला एक वाटाहि लागत नाहीं. तो वेळेवर मिळाला म्हणजे झालें." तेव्हां कोठें तिची समजूत पटली.

पुढच्या वेळीं डॉक्टरांचा फोन आला तेव्हां दादांचीं छायाचित्रें उतरत होतीं आणि धाकट्याच्या चित्रफितीहि जात होत्या. आम्हीं मुद्दामच कांहीं बंद केलें नाहीं. डॉक्टरांनीं मात्रा सांगितली, ती आम्हां सर्वांस सारखीच ऐकूं आली. तरीहि वहिनींनीं ती मोठ्यानें उच्चारून डॉक्टरांकडून 'हो' म्हणवून घेतलें, कागदावर लिहिली, आणि डॉक्टरांना ती लेखी पाठविण्याची विनंति केली. कारण आपण आपल्या घरापुरती व्यवस्था लावूं शकतों. उंबऱ्यापलीकडची वाट आपली नव्हे. तो कागद आतां गोळ्यांच्या डबींत घडी करून ठेवलेला असतो, आणि डबी उघडतांना वहिनी तो अजून दर वेळीं वाचतात.